इफ-एल्स : सगळ्या गायींना २७ रुपयेच दर का लागतोय?

वारणेचं_पाणी

नमस्कार मंडळी. बारावी झालीय, निकाल लागेपर्यंत घरीच आहे. शिराळा तालुक्यात आमच्या गावात अण्णांचं दूध संकलन केंद्र आहे. सकाळी साडेपाच ते साडेसात आणि संध्याकाळी परत तेवढंच. दुधातली फॅट (स्निग्धांश) मोजायचं मशीन आहे, पण दर मात्र अण्णा भिंतीवरच्या दरपत्रकात बघून वहीत लिहितात. दहा दिवसांनी बिलं काढायची वेळ आली की आई आणि मी कॅल्क्युलेटर घेऊन बसतो, आणि दर वेळी कुणाच्या ना कुणाच्या हिशेबात घोळ निघतोच. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला लागून तीन आठवडे झालेत. म्हटलं, फॅट टाकली की दर सांगेल एवढं तरी करू.

मोबाईलवर मराठी कीबोर्डने लिहितोय, म्हणून खालचं सगळं मराठी अक्षरांत आहे. लॅपटॉपवर इफ, एल्स, इनपुट आणि आकडे इंग्रजीतच आहेत. दर इथं उदाहरणापुरते गोल केलेत.

```
फॅट = इनपुट("फॅट किती? ")
जनावर = इनपुट("गाय का म्हैस? ")

इफ जनावर == "गाय":
    इफ फॅट >= "३.५":
        दर = ३२
    इफ फॅट >= "३.२":
        दर = ३०
    इफ फॅट >= "३.०":
        दर = २७
    एल्स:
        दर = ०
एल्स:
    इफ फॅट >= "६.०":
        दर = ५०
    एल्स:
        दर = ४४

प्रिंट(दर)
```

आकड्यांना अवतरणचिन्हं का, तर आधी नुसतं ३.५ लिहिलं होतं तेव्हा लाल अक्षरांत एरर यायची. अवतरण टाकल्यावर एरर गेली.

काल सकाळच्या पाळीची वही घेऊन एकेक नोंद टाकून बघितली. गाय कुठलीही असो, ४.१ फॅट असो नाहीतर ३.३, दर २७. फक्त २.९ ला बरोबर शून्य आला. म्हशी जवळजवळ सगळ्या बरोबर आल्या, फक्त एक सोडून. आमच्या गल्लीतल्या नानांच्या म्हशीला १०.२ फॅट लागली होती, अख्ख्या वहीत सगळ्यात जास्त, आणि तिलाच ४४! नाना शेजारीच उभे होते. म्हणाले, "तुझं मशीन माझ्यावर खार खाऊन हाय."

कुठं चुकतंय?

---

झटपट_उत्तर

दुसऱ्या आणि तिसऱ्या इफच्या जागी एलिफ टाक. झालं.

---

वारणेचं_पाणी

टाकलं. गायी सुटल्या! धन्यवाद. पण का सुटल्या ते नाही कळलं. आणि नानांची म्हैस अजून ४४ वरच आहे.

---

कोबोलआजी

बाळा, उत्तर मिळालं पण कारण मिळालं नाही, हे तू स्वतःहून लिहिलंस म्हणून लिहायला बसले. मी १९८४ पासून निवृत्त होईपर्यंत प्रोग्रॅमिंगच केलं, बरंचसं कोबोल या जुन्या भाषेत. पायथन नातवाबरोबर शिकले. इफ मात्र तेव्हाही इफच होतं.

आधी लॅपटॉप मिट. कागद-पेन्सिल घे आणि त्या ४.१ वाल्या गाईला तुझ्या जुन्या प्रोग्रॅममधून हाताने चालव. कागदावर एक चौकोन काढ, त्यावर "दर" असं लिही. तो चौकोन म्हणजे पाटी. तिच्यावर एका वेळी एकच आकडा मावतो, नवा लिहिला की जुना पुसला जातो.

पहिला प्रश्न : ४.१ ही ३.५ पेक्षा जास्त किंवा तेवढी आहे का? आहे. पाटीवर ३२. आता तुला वाटतं की काम झालं, कारण अण्णा असते तर ३२ लिहून त्यांनी "चला, पुढचा" म्हटलं असतं. कॉम्प्युटर तसं म्हणत नाही. तू त्याला एकाखाली एक असे तीन सुटे इफ दिलेस, म्हणजे तीन वेगळे प्रश्न दिलेस. तो तिन्ही विचारणार. ४.१ ही ३.२ च्या वर आहे का? आहे. ३२ पुसलं, ३० लिहिलं. ३.० च्या वर आहे का? आहेच की. ३० पुसलं, २७ लिहिलं. शेवटी पाटीवर काय राहिलं?

तीन रांगांमध्ये एकच गाय तीनदा उभी राहिली. शेवटच्या खिडकीने जे दिलं ते घेऊन घरी गेली.

एलिफ म्हणजे "वरचं नाही जमलं, तरच हे विचार". त्यामुळे तिन्ही मिळून एकच रांग झाली. जिथे पहिलं "हो" आलं तिथे गाय बाहेर पडली, खालचे प्रश्न तिला विचारलेच नाहीत. आणि तुझ्या जुन्या प्रोग्रॅममध्ये ते एल्स कुणाचं होतं ते बघितलंस का? फक्त तिसऱ्या इफचं. वरच्या दोघांशी त्याचा काही संबंध नव्हता.

आता एक खोडी कर. एलिफ तसेच ठेव, पण क्रम उलटा कर : आधी ३.०, मग ३.२, मग ३.५. काय येतं ते कागदावरच काढ, चालवून बघू नकोस. पुन्हा सगळ्या गायी २७! कारण पहिल्याच दारात सगळ्यांना आत घेतलं. अण्णांच्या भिंतीवरचं दरपत्रक वरून खाली कसं लिहिलंय ते बघ. मोठी फॅट वर असणार. ज्याने ते पहिल्यांदा लिहिलं त्याला हे कळत होतं.

आता नानांची म्हैस. बाळा, तू एरर घालवली नाहीस, एरर सांगणाऱ्याचं तोंड बंद केलंस. इनपुटमधून जे येतं ते कायम मजकूर असतं, आकडा नसतं. ती लाल एरर तुला एवढंच सांगत होती की मजकूर आणि आकडा यांची तुलना मला जमत नाही. तू आकड्याला अवतरणात घालून त्याचाही मजकूर केलास. आता दोन्हीकडे मजकूर, म्हणून पायथन गप्प. पण मजकुराची तुलना तो शब्दकोशासारखी करतो, पहिल्या अक्षरापासून. शब्दकोशात "कमलाकर" हा "खण"च्या आधीच येतो, शब्द लांब आहे म्हणून काही तो मोठा होत नाही. तसंच १०.२ मधला पहिला १ हा ६.० मधल्या ६ च्या आधीचा. संपलं. दशांशापर्यंत तो पोचलाच नाही. बाकीच्या म्हशी बरोबर आल्या, कारण ६.४ आणि ७.१ यांच्यात दशांशाच्या आधी एकच अंक होता. नशीब, दुसरं काही नाही.

फ्लोट हा मजकुराचा दशांशी आकडा करून देतो. पहिली ओळ अशी कर, आणि सगळ्या आकड्यांची अवतरणं काढ :

```
फॅट = फ्लोट(इनपुट("फॅट किती? "))
```

जाता जाता, आमच्या वेळची गोष्ट. १९८७, नरिमन पॉइंटची एक कंपनी, नाव नको. पगाराचा प्रोग्रॅम माझा. त्या काळच्या कोबोलमध्ये इफ कुठे संपतं हे पूर्णविराम सांगायचा. "एंड-इफ" हा शब्द १९८५ च्या प्रमाणात आला खरा, पण आमच्या मशीनवरचा कंपायलर त्याच्या आधीचा. मी लिहिलं होतं : श्रेणी "अ" असेल तर भत्ता पाचशे. त्याच्या पुढची ओळ, निव्वळ पगार काढायची, सगळ्यांसाठी. आणि भत्त्याच्या ओळीनंतरचा पूर्णविराम राहिला. एक टिंब! त्यामुळे पगार काढायची ओळसुद्धा इफच्या पोटात गेली. निव्वळ पगार निघाला फक्त "अ" श्रेणीचा. बाकीच्यांचं काय झालं असेल? शून्य? नाही. पाटी पुसलीच गेली नव्हती. यादीत ज्याच्या आधी जो "अ" श्रेणीचा साहेब होता, त्याचाच पगार त्याच्यापुढे छापला गेला. एका शिपायापुढे चीफ अकाउंटंटचा निव्वळ पगार. तपासणीच्या प्रतीतच सापडलं म्हणून निभावलं. तो लांबलचक कागद हेडक्लार्कबाईंनी माझ्या टेबलावर नुसता उलगडून ठेवला आणि काही न बोलता चहाला गेल्या. त्यांनी रागावून घेतलं असतं तर बरं झालं असतं.

तुमच्या पायथनमध्ये पूर्णविरामाचं काम ओळीच्या आधीची मोकळी जागा करते. त्या जागेकडे दुर्लक्ष करू नकोस.

---

मास्तरीण_सातारा

आजींनी सगळं सांगितलंच आहे. मी पहिल्या वर्षाला प्रॅक्टिकल घेते, तिथे दर वर्षी दिसणाऱ्या दोन गोष्टी जोडते.

एक. उद्या तू जर्सीसाठी असं लिहिशील :

```
इफ जनावर == "गाय" ऑर "जर्सी":
```

मराठीत अगदी बरोबर वाटतं, "जनावर गाय किंवा जर्सी असेल तर". पण पायथन हे दोन वेगळे प्रश्न म्हणून वाचतो : "जनावर गाय आहे का" आणि नुसतंच "जर्सी". रिकामा नसलेला कुठलाही मजकूर त्याच्या लेखी खराच. म्हणून ही अट कायम खरी होणार, म्हशीलासुद्धा. दोन्हीकडे पूर्ण लिहावं लागतं : जनावर == "गाय" ऑर जनावर == "जर्सी". वर्गात निम्मी मुलं इथे पडतात, आणि चूक दिसत नाही, कारण एरर येत नाही.

दोन, ही गमतीची. पायथन ३ मध्ये फॅट, दर, जनावर ही नावं खरोखर देवनागरीत ठेवता येतात. इफ-एल्स नाही, आणि कोडमध्ये लिहिलेले आकडेही इंग्रजीच लागतात. पण इनपुटला कुणी मराठी कीबोर्डवरून ३.५ असे देवनागरी अंक टाकले तर फ्लोट ते निमूट समजून घेतो. अण्णांच्या मोबाईलवर चालवणार असशील तर ही सोय आहे. तुझ्या जुन्या, अवतरणवाल्या प्रोग्रॅममध्ये मात्र देवनागरी अंक टाकले असते तर प्रत्येक फॅट इंग्रजी "३.५" पेक्षा मोठीच ठरली असती, कारण अक्षरांच्या यादीत देवनागरी अंक इंग्रजी अंकांच्या बरेच पुढे आहेत.

---

संघात_होतो

प्रोग्रॅमिंग मला फारसं येत नाही, पण दूध संघात बत्तीस वर्षं काढली. पोरा, नुसत्या फॅटवर दर काढतोस? एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक, ते कुठाय? गाईच्या दुधाचा दर आपल्याकडे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून बोलतात, म्हशीचा ६ आणि ९. फॅट ३.८ लागली पण डिग्री (लॅक्टोमीटरचा आकडा) पडली, तर त्यात पाणी आहे हे केंद्रावरचं शेंबडं पोरगंही सांगेल. तुझा प्रोग्रॅम त्याला ३२ देतो. दोन्ही अटी एकदम लाव.

दुसरं, खरी कपात पॉइंटवर चालते. तू तीन पायऱ्या केल्यास, पण दरपत्रकात पॉइंटागणिक दर आहे. ३.२ म्हणजे तीन पॉइंट कमी, एवढंच. मी ३.५ मधून ३.२ वजा करून दहाने गुणायला मुलीला सांगितलं, तिने तिच्या कॉम्प्युटरवर केलं आणि पॉइंट आले दोन! तिलाही कळेना. हे काय प्रकरण आहे ते जाणकारांनी सांगावं.

---

कोबोलआजी

दादा, तुमच्या मुलीने वजाबाकी करून पुढचा अपूर्णांक छाटला असणार. ३.२ हा आकडा कॉम्प्युटरच्या शून्य-एकच्या (बायनरी) पद्धतीत तंतोतंत मावत नाही, जसं आपल्याला एकाला तीनने भागून दशांशात पूर्ण लिहिता येत नाही. ३.५ मावतो. वजाबाकी येते ०.२९९९९९९९९९९९९९९८, दहापट केल्यावर तीनला केसभर कमी, आणि अपूर्णांक छाटला की दोन. शेतकऱ्याचा एक पॉइंट वाचला, केंद्राचा गेला.

उपाय तुम्हीच सांगितलात. तुम्ही लोक "तीन पॉइंट कमी" असं पूर्ण आकड्यात बोलता, तसंच प्रोग्रॅमलाही बोलू द्या. फॅट आत आली की लगेच दहाने गुणून राउंड करायची, ३.२ चे ३२ पॉइंट, आणि पुढच्या सगळ्या तुलना पूर्ण आकड्यांत. आम्ही पगारातसुद्धा रुपये नाही, पैसे मोजायचो.

आणि बाळा, एसएनएफसाठी "अँड" वापर. पण आधी अण्णांना विचार, फॅट आहे आणि एसएनएफ नाही, तर नेमकं काय करायचं? दर कमी, की दूध परत? हे पायथनला ठाऊक नाही, मलाही नाही. अण्णांनी ठरवल्याशिवाय एलिफ लिहू नकोस.

---

काठावरचा

काठाचंही विचारून घे. बरोबर ३.५ लागली तर ३२ की ३०? तू >= लिहिलंस म्हणजे ३२. नुसतं > लिहिलं असतंस तर ३०. समज नव्वद सभासद असतील, तर त्यांत रोज दोन-चार जण तरी बरोबर ३.५ वर असणार.

काठावर भले भले पडलेत. मायक्रोसॉफ्टचा झून नावाचा गाणी ऐकायचा प्लेयर होता. त्यातले ३० जीबीचे ३१ डिसेंबर २००८ ला एकदम गोठले. आतल्या घड्याळाचा कोड १९८० पासूनचे दिवस मोजून साल काढायचा. ढोबळ मानाने असा : दिवस ३६५ पेक्षा जास्त आहेत तोवर फिरत राहा, लीप वर्ष असेल तर, दिवस ३६६ पेक्षा जास्त असल्यास ३६६ वजा कर, लीप नसेल तर ३६५ वजा कर. २००८ लीप वर्ष. आधीच्या वर्षांचे वजा होऊन त्या दिवशी उरले बरोबर ३६६ दिवस. म्हणजे ३६५ पेक्षा जास्त, म्हणून फेरी चालू. ३६६ पेक्षा जास्त नाही, म्हणून वजा काही नाही. आतल्या इफला एल्स नव्हतं. बिचारा दिवसभर त्याच फेरीत घुमत बसला. कंपनीने सांगितलं, बॅटरी पूर्ण उतरू द्या आणि १ जानेवारीला पुन्हा चालू करा.

तुझ्या प्रोग्रॅमला तपासायला भारी फॅटच्या गायी नकोत. ३.४, ३.५, ३.६ टाक. ३.१, ३.२, ३.३ टाक. २.९ आणि ३.० टाक. मधले आकडे सगळ्यांचेच बरोबर येतात.

---

डिक्शनरीवाला

एवढ्या इफ-एलिफपेक्षा दरपत्रकाची एक डिक्शनरी कर, पॉइंट टाकला की दर. तीन ओळींत काम.

---

कोबोलआजी

बरोबर आहे तुमचं, शेवटी तिथेच जायचंय. पण त्याला आधी इफ चुकू द्या नीट. तीन आठवडेच झालेत.

---

वारणेचं_पाणी

सगळ्यांचे खूप आभार. परवा संध्याकाळी अण्णांच्या मोबाईलवर चालवलं. फ्लोट टाकलं, एलिफ टाकलं, पॉइंट केले. नानांची म्हैस ५० वर आली, नानांनी मला पेढ्याचे पैसे दिले. देवनागरी अंकही चालले.

आणि मग नवीन भानगड. आमच्या वस्तीवरच्या काकूंची गाय, फॅट ३.९, आणि दर आला ४४! म्हशीचा दर. अण्णांनी वाचून दाखवला, काकू म्हणाल्या, "राहू दे की, बरोबर हाय." माझा अर्धा तास गेला. शेवटी सापडलं : मोबाईलचा कीबोर्ड "गाय" सुचवतो, त्यावर टिचकी मारली की शब्दानंतर आपोआप एक मोकळी जागा टाकतो. मग ते "गाय" राहत नाही, गाय आणि एक स्पेस होतं. प्रोग्रॅमने विचारलं, गाय आहे का? नाही. मग एल्स, म्हणजे म्हैस. मी एल्स लिहिताना मनात म्हैस धरली होती, पण त्यात बकरी टाकली असती तरी म्हशीचाच दर मिळाला असता.

आता स्ट्रिप लावलंय, ते शब्दाच्या कडेची मोकळी जागा काढून टाकतं, आणि असं केलंय :

```
जनावर = इनपुट("गाय का म्हैस? ").स्ट्रिप()

इफ जनावर == "गाय":
    ...
एलिफ जनावर == "म्हैस":
    ...
एल्स:
    प्रिंट("जनावर कळलं नाही, परत टाका")
```

फॅटलाही वरची अट घातली. परवा अण्णांनी घाईत ३.५ ऐवजी ३५ टाकलं होतं आणि प्रोग्रॅमने गुपचूप ३२ रुपये दर दिला होता. आता गाईला ७ च्या वर आणि म्हशीला १३ च्या वर गेलं की परत विचारतो. हे आकडे अण्णांनी सांगितले, त्यांच्या वहीत इतक्या वर्षांत त्याच्या वर कधी गेलेलं नाही म्हणे.

एसएनएफचं अण्णांना विचारलं. ते पाच मिनिटं गप्प बसले. मग म्हणाले, "माणूस बघून ठरवतो." कुणाची गाय आजारी असते, कुणाकडं खरंच पाणी असतं. एकाला नुसतं सांगून सोडतात, एकाचं दूध परत करतात. आज्जी, याची अट कशी लिहायची?

---

कोबोलआजी

नाही लिहायची. तिथे प्रिंट कर : "अण्णांना विचारा".

---

वारणेचं_पाणी

तेच टाकलंय. काठाचंही विचारलं, तर त्यांनी खडू घेऊन दरपत्रकावर ३.५ च्या पुढं "धरून" असं लिहिलं. संघाची गाडी आली, कॅन चढवायला जातो.